घरकामातील वेळेची बचत : कोणते साधन कशासाठी?

शेताचा हिशेब आपण चोख ठेवतो. नांगरटीला किती तास लागले, पंप किती वेळ चालला, भांगलणीला किती बायका होत्या आणि त्यांची मजुरी किती झाली, हे घरधन्याला तोंडपाठ असते. घरातल्या कामाचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. पाणी भरणे, सरपण आणणे, निवडणे-टिपणे, स्वयंपाक, भांडी, धुणे या कामांना मजुरी नाही; म्हणून त्यांना वेळही लागत नाही, असे जणू आपण धरून चाललो आहोत.

वेळ लागतो, आणि तो पुष्कळ लागतो. लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर केली. घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे, म्हणजे जवळजवळ पाच तास वेळ जात असल्याचे दिसले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटे भरली. शेतकऱ्याच्या घरची बाई हे पाच तास उरकून वर शेतावरही जाते. मग सुगीच्या दिवसांत हे तास येतात कोठून? एक तर तिच्या झोपेतून, नाही तर थोरल्या मुलीच्या अभ्यासातून. म्हणून घरातला वेळ वाचवणे ही चैन नव्हे. तो कंबरेचा, फुफ्फुसांचा आणि मुलींच्या शाळेचा प्रश्न आहे.

आधी मोजा, मग खरेदी करा

बाजारात वेळ वाचवणारी म्हणून शेकडो साधने मिळतात. त्यांतली निम्मी महिन्याभरात माळ्यावर जातात. कारण एकच. दिवसातून पाच मिनिटे लागणाऱ्या कामासाठी आपण यंत्र घेतो आणि दोन तास खाणारे काम तसेच राहते.

म्हणून एक आठवडा एवढेच करावे. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे तीन रकाने आखावेत : काम कोणते, वेळ किती, करते कोण. शाळेत जाणाऱ्या मुलाला किंवा मुलीला लिहायला बसवावे. आठवड्याच्या शेवटी बेरीज केली की कोणते काम सर्वांत जास्त वेळ खाते ते आपोआप दिसेल. बहुतेक घरांत तीन ठिकाणे पुढे येतात : चूल, पाणी आणि धान्य. पहिला रुपया तेथेच खर्च करावा.

चुलीपाशी जाणारा वेळ

डाळ शिजायला वेळ का लागतो हे नीट समजले, तर अर्धा वेळ बिनपैशाने वाचतो. पाणी एकदा उकळले की खाली कितीही जाळ घातला तरी ते त्याहून तापत नाही. जादा जाळ फक्त वाफ करतो आणि सरपण संपवतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते. जागा जितकी उंच तितके ते लवकर, म्हणजे कमी उष्णतेवर, उकळते. बेळगाव साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. तेथे पाणी ९७-९८ अंशांवरच उकळू लागते. म्हणून उघड्या पातेल्यातली तूरडाळ गोव्याच्या किनाऱ्यापेक्षा आपल्याकडे थोडी उशिरा शिजते. त्यात सुनेचा काही दोष नाही!

बिनखर्चाचे चार उपाय प्रथम करून पाहावेत.

१. कडधान्य रात्री भिजत घालावे. हुलगे, चवळी, हरभरा, वाटाणा सात-आठ तास भिजले की शिजण्याचा वेळ निम्म्याजवळ येतो. तूरडाळीला अर्धा-पाऊण तास पुरतो.

२. पातेल्यावर झाकण ठेवावे आणि उकळी आली की जाळ मंद करावा.

३. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावर घालावेत. आंबटामुळे दाणा लवकर मऊ होत नाही.

४. बोअरचे पाणी जड असेल तर डाळीसाठी पावसाचे किंवा विहिरीचे हलके पाणी वापरावे. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालण्याची सवय मात्र चांगली नाही. सोड्याने डाळीतले ‘ब-१’ जीवनसत्त्व नष्ट होते.

कुकर : जुना मित्र, पण नीट वापरला तर

वाफ कोंडून अन्न शिजवण्याचे भांडे फ्रान्सच्या दनी पापँ यांनी १६७९ साली तयार केले. आपल्याकडे १९१० साली बंगालमधील डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी इकमिक कुकर काढला. एकावर एक डबे आणि खाली कोळशाची शेगडी, अशी त्याची रचना होती. त्यात दाब नव्हता, पण भात, वरण, भाजी एकदमच होत असे. आजचा प्रेशर कुकर १९५९ च्या सुमारास भारतीय कारखान्यांतून बाहेर पडू लागला.

कुकरमध्ये वाफ कोंडल्याने दाब वाढतो आणि आतले पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. उघड्या पातेल्यात तास खाणारे भिजवलेले कडधान्य म्हणूनच १०-१५ मिनिटांत शिजते. पण बहुतेक घरांत जोराच्या जाळावर पाच-सहा शिट्ट्या होऊ देण्याची पद्धत आहे. शिट्टी म्हणजे वाया गेलेली वाफ. पहिली शिट्टी झाली की जाळ अगदी मंद करावा आणि घड्याळ पाहावे. आतली उष्णता तेवढीच राहते आणि इंधन वाचते.

सुरक्षिततेच्या चार गोष्टी घरातल्या प्रत्येकाला ठाऊक हव्यात. कुकर दोन तृतीयांशाहून अधिक भरू नये. डाळ आणि कडधान्य फसफसते, म्हणून ते अर्ध्याच्या वर नको. झाकण लावण्याआधी वाफेच्या नळीतून उजेड दिसतो का ते पाहावे. रबरी रिंग कडक झाली किंवा चिरली की बदलावी. आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्याच कंपनीचा बसवावा. खिळा किंवा तार अडकवून चालवू नये. नवा कुकर घेताना आयएसआय शिक्का पाहावा. २०२१ पासून घरगुती कुकरवर तो सक्तीचा आहे.

भुश्याची पेटी : पैशाविना कुकर

दुसरे साधन घरच्या घरी होते आणि त्याला खर्च नाही म्हटले तरी चालेल. लाकडी खोके किंवा मोठी बुट्टी घ्यावी. तळाशी अर्धी वीत जाडीचा कोरडा भुसा किंवा पिंजर दाबून घालावे. मध्ये पातेले बसेल एवढी जागा ठेवून चारही बाजूंनी तेवढाच थर द्यावा. वर ठेवायला भुसा भरलेली जाड उशी शिवावी. जुनी वाकळ असली तरी काम भागते.

भात किंवा भिजवलेली डाळ चुलीवर चढवावी. भात पाच मिनिटे आणि डाळ दहा-पंधरा मिनिटे खळखळ उकळू द्यावी. मग घट्ट झाकणासह पातेले लगेच पेटीत ठेवून वरून उशी दाबावी. भात तासाभरात आणि डाळ साधारण दोन तासांत तयार होते. आतली उष्णता बाहेर जात नाही, म्हणून शिजणे चालूच राहते. तेवढ्या वेळात चुलीजवळ कोणी बसावे लागत नाही. करपत नाही, उतू जात नाही. बाईला गोठ्यातले काम करता येते किंवा पाठ टेकता येते.

नियम तीन. पातेले निम्म्याहून अधिक भरलेले असावे. थोडे अन्न लवकर निवते. मध्येच उघडून पाहू नये. आणि जेवण्यापूर्वी पुन्हा एकदा उकळी आणावी; कोमट झालेले अन्न रात्रभर पेटीत ठेवू नये. राजमा या पेटीत शिजवायचाच असेल तर भिजवलेले पाणी फेकून द्यावे आणि आधी निदान दहा मिनिटे चुलीवर जोरात उकळावा. कच्च्या राजम्यात एक विषारी द्रव्य असते. ते खऱ्या उकळीनेच नाहीसे होते. नुसत्या गरम पाण्याने नाही.

धूर म्हणजे वेळेचाही शत्रू

२०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला. तरीही भाकरीसाठी आणि आंघोळीच्या पाण्यासाठी चूल पेटतेच. त्या धुराने डोळे चुरचुरतात, जुना खोकला आणि दमा बळावतो, आणि जवळ खेळणाऱ्या तान्ह्या मुलांना न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय काजळीने काळी झालेली भांडी घासण्यात रोजचा वेळ जातो तो वेगळाच.

बिनधुराच्या चुलीची खटपट जुनी आहे. १९५० च्या दशकात हैदराबादचे अभियंते डॉ. एस. पी. राजू यांनी धुराडे असलेली मातीची चूल तयार केली. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील ‘अस्त्र’ या विभागाने तीन भांड्यांची चूल बसवली. कर्नाटकात ती ‘अस्त्र ओले’ म्हणून ओळखली जाते. ‘ओले’ म्हणजे कन्नडमध्ये चूल. पुढे १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम निघाला आणि २००२ मध्ये तो संपला. पुष्कळ गावांत त्या चुली मोडून पडल्या. मुख्य कारण साधे होते. धुराडे काजळीने तुंबले, ते कोणी साफ केले नाही आणि धूर पुन्हा घरात आला. साधन बसवण्याइतकीच त्याची निगा महत्त्वाची, हा त्यातला धडा.

ज्यांच्याकडे धुराड्याची चूल आहे त्यांनी महिन्यातून एकदा बांबूला चिंध्या बांधून धुराडे साफ करावे. चुलीच्या तोंडापेक्षा मोठी लाकडे कोंबू नयेत. ती फोडून, वाळवून, बारीक करून घालावीत. ओल्या लाकडाची बरीचशी आग स्वतःचे पाणी उडवण्यातच जाते. धुराडे नसेल तर चुलीच्या वर छपराजवळ धूर जायला झरोका ठेवावा. गॅस असेल तर रबरी नळी दर पाच वर्षांनी बदलावी आणि रात्री रेग्युलेटर बंद करावा.

पाण्याच्या खेपा

एक घागर साधारण १५ लिटरची धरू. पाच माणसांच्या घराला रोज २०० लिटर पाणी लागले तर चौदा खेपा होतात. विहीर दीडशे मीटरवर असेल तर एका खेपेला जाऊन येऊन तीनशे मीटर. चौदा खेपांना चार किलोमीटरहून जास्त. त्यांतली अर्धी वाट डोक्यावर पंधरा किलो घेऊन! आता वीस लिटरचे चार कॅन बसतील अशी दोन चाकांची हातगाडी घेतली, तर एका वेळी ८० लिटर येते. तीन खेपांत काम होते आणि चालणे एक किलोमीटरच्याही आत येते. गावातल्या वेल्डरकडे जुन्या सायकलच्या चाकांवर अशी गाडी करून मिळते. यातला न सांगितलेला फायदाही मोठा आहे. घागर डोक्यावर घ्यायला लाजणारा मुलगा गाडी मात्र आनंदाने ढकलतो!

घरात नळ आला तरी वाकून तांब्याने पाणी उपसणे चालूच असते. पिंप कंबरेएवढ्या चौथऱ्यावर ठेवून त्याला तोटी बसवावी. वाकण्याचे श्रम वाचतात, आणि पाण्यात हात किंवा तांब्या बुडत नसल्याने हगवणीसारखे आजारही कमी होतात. पिंपाला घट्ट झाकण हवे आणि ते आठवड्यातून एकदा रिकामे करून घासावे. डेंग्यूचे डास अशा साठवलेल्या पाण्यातच वाढतात.

धान्य, शेंगा आणि कणसे

दळण गिरणीवर गेले, तरी सोलणे-फोडणे अजून हातानेच होते. मक्याची कणसे सोलण्यासाठी लहानसे लोखंडी कडे मिळते. त्याच्या आत धारेसारख्या पट्ट्या असतात. एका हातात कडे धरून दुसऱ्या हाताने कणीस आत फिरवले की दाणे निघतात. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने हे साधन प्रचारात आणले. त्याने तासाला वीस किलोच्या आसपास दाणे निघतात, आणि मुख्य म्हणजे अंगठ्याचे साल निघत नाही.

भुईमुगाच्या शेंगा हाताने फोडणाऱ्या बाईचे तासाला एक-दोन किलो दाणे होतात. हाताने दांडा मागे-पुढे करून चालवायचे शेंगा फोडण्याचे यंत्र हेच काम कितीतरी पट वेगाने करते. ते एकाच घराने घेणे परवडत नाही आणि वर्षातून काही दिवसच लागते. म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी किंवा स्वयंसाहाय्य गटाने मिळून घ्यावे. बियाण्याच्या शेंगा मात्र हातानेच फोडाव्यात. यंत्रात काही दाण्यांची साले निघतात आणि असे दाणे नीट उगवत नाहीत.

कापणीसाठी दाते असलेला हलका विळा घ्यावा. साध्या विळ्याला सारखी धार लावावी लागते, दातेरी विळ्याला तशी लागत नाही. मनगटालाही झटका कमी बसतो.

धुणे आणि भांडी

येथे साधनापेक्षा पद्धत जास्त वेळ वाचवते. मातीचे कपडे आधी साध्या पाण्यात खंगाळून मग साबणाच्या पाण्यात अर्धा तास भिजवावेत. घासणे निम्मे होते. करपलेले पातेले लगेच खरवडू नये. त्यात पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा घालून उकळावे. खरपूड आपोआप सुटते. ॲल्युमिनियमच्या भांड्याला मात्र सोडा लावू नये, ते काळे पडते; त्यात नुसते पाणी उकळावे. चुलीवर जाणाऱ्या पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा हात फिरवण्याची आजीची रीत आजही उत्तम आहे. काजळी मातीवर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते.

एक इशारा आवश्यक आहे. काम लवकर व्हावे म्हणून संडास साफ करण्याचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र कधीही करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेतू शकतो. ॲसिडची बाटली मुलांच्या हाताबाहेर ठेवावी आणि पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ते ओतून ठेवू नये.

खरेदीपूर्वी चार प्रश्न

कोणतेही साधन घेताना दुकानातच स्वतःला विचारावे :

१. हे रोज लागेल, की सणासुदीला?

२. याने रोजचे किती मिनिटांचे काम वाचते? आपल्या कॅलेंडरवरच्या बेरजेत ते काम कितवे आहे?

३. धुवायला आणि पुसायला किती वेळ लागेल? दहा मिनिटे वाचवून पंधरा मिनिटे धुण्यात घालवणारी साधने पुष्कळ आहेत.

४. बिघडले तर गावात किंवा तालुक्याला दुरुस्त होते का? वीज गेल्यावर ते काय कामाचे? मिक्सर घेतला तरी पाटा-वरवंटा विकू नये, तो यासाठीच.

वाचलेला तास कोणाचा?

शेवटी सर्वांत महत्त्वाची गोष्ट. पुष्कळ घरांत असे दिसते की कुकर आला, गिरणी आली, नळ आला, तरी बाईचा दिवस तेवढाच लांब राहिला. वाचलेल्या तासावर लगेच दुसऱ्या कामाचा हक्क सांगितला जातो : आणखी एक म्हैस, आणखी दोन सरी भांगलण, आणखी चार पापड. घरावर कर्ज असताना हेही कधी करावे लागते, हे खरे. पण ते ठरवताना तिला विचारले पाहिजे. तास तिच्या कष्टातून वाचला आहे. तो कशाला लावायचा यात पहिला शब्द तिचा असावा. कोणाला झोप हवी असेल, कोणाला गटाच्या बैठकीला जायचे असेल, कोणाला दवाखान्यात जाऊन बरेच दिवस टाळलेली तपासणी करून घ्यायची असेल.

आणि साधनांत सर्वांत स्वस्त साधन घरातच आहे : दुसऱ्याचे दोन हात. २९९ आणि ९७ या आकड्यांतले अंतर एकट्या यंत्राने भरून येणार नाही. पाण्याची गाडी ढकलणे, लाकडे फोडून रचणे, धुराडे झाडणे, कुकरची रिंग तालुक्याहून आणणे, रात्री कडधान्य भिजत घालणे, आपले ताट आपण घासणे, ही कामे घरातल्या कोणत्याही पुरुषाला आणि बारा वर्षांच्या मुलाला जमतात. आई करते म्हणून मुलगी करते; तसेच बाप करू लागला की मुलगाही करतो.

तेव्हा शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, येत्या आठवड्यात काहीही विकत घेऊ नका. फक्त कॅलेंडरच्या मागे तीन रकाने आखा. शनिवारी रात्री जेवणानंतर सर्वांनी मिळून बेरीज वाचा आणि दोनच गोष्टी ठरवा : कोणत्या कामासाठी कोणते साधन आणायचे, आणि कोणते काम उद्यापासून कोणी उचलायचे. दुसरा निर्णय पहिल्याआधी अमलात आणता येतो. त्याला पैसे लागत नाहीत.